कार्पेट म्हणजे पाणी

"कार्पेट," कार्पेटवाल्याची बायको म्हणाली आणि तिने भिंतीकडे बोट केले.

कार्पेटवाल्याने भिंतीकडे पाहिले. भिंतीवर काहीच नव्हते. त्याने पंखा बंद केला, मग पुन्हा लावला. पडदा ओढला. पाण्याचा पेला पुढे केला, तर तिने तो ढकलला आणि अर्धे पाणी चादरीवर सांडले. "कार्पेट, कार्पेट," ती रडकुंडीला आली. जळका वास आला तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात दूध उतू गेले होते.

मेंदूला झटका आल्यापासून तिची वाचा गेली होती आणि मागे हा एकच शब्द उरला होता. डॉक्टर म्हणाले, असे होते. तिला सगळे समजते, मनात शब्दही बरोबर असतो, पण तोंडातून हाच बाहेर पडतो. त्याला अर्थ नाही.

त्याला ते पटले आणि पटलेही नाही. जन्मभर तो हॉटेलांत आणि ऑफिसांत कार्पेट अंथरत आला होता. घरी बोलायचे काम तिचे, हुंकार द्यायचे त्याचे. आता पोटच्या लेकीचे नावसुद्धा तिला घेता येईना, मग नेमका त्याच्या धंद्याचाच शब्द का राहावा? हा राग होता की आठवण? एकदा त्याने नमुन्यांचे तुकडेच तिच्यापुढे मांडले, लाल, करडा, हिरवा. तिने ते एकेक करून पलंगाखाली टाकले.

मग त्याने शब्द ऐकायचा सोडून दिला आणि आवाज ऐकायला लागला. तुटक कार्पेट म्हणजे पाणी. लांबवलेले म्हणजे उशी. दोनदा आणि खालच्या पट्टीत म्हणजे काही नको, नुसते बसा. तो बसायचा. गप्प बसवेना म्हणून काहीबाही सांगायचा. कुठल्या साहेबाने निळा रंग सांगून हिरव्यासाठी भांडण काढले, गुडघा कसा धरतो, बाप गेला तेव्हा आपण कुठे जाऊन रडलो. हे शेवटचे त्याने आजवर कोणालाच सांगितले नव्हते.

पाहुणे आले की बघायचे त्याच्या तोंडाकडे. त्याच्या थोरल्या बहिणीने तासभर स्वतःच्या दुखण्यांचा पाढा वाचला, तेव्हा बायको दात आवळून म्हणाली, "कार्पेट." बहिणीने विचारले, काय म्हणते?

"ताई, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका म्हणते," त्याने सांगितले. बायको तोंडावर पदर धरून हसली.

बोलायला शिकवणारी बाई येत होतीच. एका सकाळी बायकोने ओठ जुळवले, थांबली आणि म्हणाली, "पाणी."

लेकीने आईला मिठी मारली. शेजारी जमले. कार्पेटवाला मात्र हातात उशी घेऊन उभा होता. तिने शब्द लांबवला होता, आणि तो सवयीने नुसता आवाज ऐकून उशीकडे गेला होता. लेकच पाणी घेऊन आली.

मग शब्द एकामागून एक परत आले. पाहुणे आता थेट तिच्याशी बोलू लागले, ताईसुद्धा. घरात पुन्हा तिचा आवाज भरला, आणि तो पुन्हा हुंकारावर आला. सगळे कसे छान झाले होते. त्यालाही आनंदच होता. तरी जेवताना घास हातात राहायचा आणि आपले काय हरवले, ते त्याला उमगायचे नाही.

एका संध्याकाळी तो उरलेल्या कार्पेटची गुंडाळी खांद्यावर घेऊन दारात आला.

"कार्पेट," ती म्हणाली.

तो जागीच थांबला. आवाज तुटक नव्हता, लांबवलेलाही नव्हता. त्याने उशीकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले. मग पटकन पुढे होऊन तिच्या पायांवरची चादर नीट केली.

"अहो, खांद्यावर आहे ते," ती म्हणाली. "कार्पेट. खाली ठेवा ना, किती वेळ धरून उभे राहाल?"

"हं," तो म्हणाला, आणि खांद्यावरचे ओझे तसेच धरून तो आणखी थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला.