आठवा ठोका

"माझं गाणं काढून टाका. आणि मलापण!" सुदामने मोबाइल सोफ्यावर फेकला.

प्रमोदने तो उचलून वाचलं. कुण्या पोराने लिहिलं होतं, पंचवीस वर्षं हेवी मेटल संगीत वाजवणाऱ्या 'खदान' बँडचा नवा अल्बम म्हणजे कुठे डोंगर, कुठे खड्डा. सगळ्यात खोल खड्डा सुदामचं गाणं, लंगडत चालणारं.

"बँड अंबरनाथचा. खड्डे असायचेच," प्रमोद म्हणाला.

सुदाम हसला नाही. आता गायकच रुसला तर बँडचं उरतं काय? नुसता दणदणाट! आणि रविवारी कार्यक्रम होता.

खदानचा नियम होता, अल्बममध्ये प्रत्येकाचं एक गाणं, त्यावर चर्चा नाही. म्हणून त्यांचे सगळेच अल्बम खालीवर, आणि प्रमोदला त्याचाच अभिमान. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यांतली मशीनं दुरुस्त करायची आणि शुक्रवारी, सुट्टीला, तिथल्याच एका गाळ्यात ड्रम बडवायचे, असा हा गडी. आपला हात चुकत नाही याची त्याला खात्री होती.

आत सुदामची बायको, विठावहिनी, भाकऱ्या थापत गुणगुणत होत्या. तेच गाणं. त्या दवाखान्यातून बऱ्या होऊन आल्या तेव्हा सुदामने त्यांच्यासाठीच केलेलं. प्रमोदची बोटं सवयीने गुडघ्यावर चालू झाली आणि दर ओळीला अडखळली. वहिनींचा एक ठोका जास्तीचा येत होता.

"वहिनी, परत म्हणा."

"अहो भावजी, माझा कसला गळा!"

"म्हणा हो!"

ओळीला आठ ठोके. सरळ आठ. खदानने जन्मात सरळ ताल वाजवला नव्हता. सात, अकरा, तेरा, मोजता मोजता ऐकणाऱ्याला घाम फुटावा, हीच त्यांची शान. त्याच तोऱ्यात प्रमोदने हे साधं गाणं सातात कोंबलं होतं, आणि सुदाम बिचारा भिडेपोटी तसाच गायला होता. हात्तिच्या! घोडं इथं पेंड खात होतं. प्रमोदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सुद्या, गाणं लंगडं नाहीय. त्याचा पाय मी तोडलाय."

"अल्बम निघाला ना आता. काय फायदा?"

"रविवारी पहिलं तेच. आठात."

"लोक हसतील रे. खदान आणि आठ?"

"हसले तर हसले. तू फक्त ये."

सुदाम आला. बदलापूरच्या हॉलमध्ये सिंधी गिटारवाला हितेश कुरकुरला, "साईं, ये तो बच्चों का ताल है," पण वाजवलं त्यानेही. वरच्या सुराला सुदामचा आवाज फाटला. प्रमोदने आठवा ठोका हलक्या हाताने दिला, तेवढ्यात श्वास घेऊन सुदाम पुढच्या ओळीत शिरला. पहिल्या रांगेत विठावहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

नंतर दारात एका पोराने प्रमोदला अडवलं. "काका, ते पहिलं गाणं भारी होतं. अल्बममध्ये नाहीये ना?"

"आहे की," प्रमोद म्हणाला. "मीच ऐकलं नव्हतं."