नेत्राचं पहिलं मराठी पत्र

“अहो, जरा मोठ्यानं वाचा, मागे ऐकू येत नाही,” मृणालताईंनी मागच्या रांगेतून सांगितलं आणि मी उगाचच चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. सगळे माझ्याकडे बघत होते, ते आणखी थोडा वेळ चालावं एवढाच त्यात हेतू.

चौऱ्याण्णव सालची दिवाळी. लखनौच्या आमच्या मराठी मंडळाचा फराळ इंदिरा नगरच्या एका शाळेत व्हायचा. दर वर्षी चकल्या संपत आल्या की अध्यक्ष मधुसूदनराव अमेरिकेतल्या आपल्या मुलाचं पत्र वाचून दाखवायचे. ते मोठे सरकारी अधिकारी, त्यामुळे पत्र कितीही लांबलं तरी कुणी उठत नसे. मी रेल्वेच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात. इतरांनी काढलेल्या नकाशांतल्या चुका लाल पेन्सिलीनं शोधायच्या, हे माझं बावीस वर्षांचं काम. त्या वर्षी मात्र माझ्याही खिशात परदेशी पत्र होतं. माझी एकुलती एक मुलगी नेत्रा शिष्यवृत्तीवर हॉलंडला गेली होती, झाडांच्या रोगांचा अभ्यास करायला.

आणि पत्र मराठीत होतं. मधुसूदनरावांच्या मुलाचं इंग्रजीत असायचं, म्हणून तर मला जास्तच चेव आला होता. शिवाय नेत्राचं मराठी हा आमच्या घरातला दुखरा विषय. सात वर्षांची असताना मंडळाच्या गणपतीत तिनं तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सांगितली. ‘मडकं खाली होतं,’ म्हणाली. हिंदीतलं खाली, म्हणजे रिकामं. कुणीतरी विचारलं, “खाली म्हणजे कुठे गं, झाडाखाली?” सगळे पोट धरून हसले. त्या दिवसापासून आम्ही मराठीत बोलायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, हे ठरूनच गेलं. पंधरा वर्षं गेली. आता ती आपण होऊन मराठीत लिहीत होती.

पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, ‘बाबा, हा पत्र कुणाला दाखवू नका. माझी मराठी खराब आहे. सर्वे हसतील.’ मी ते आदल्या दिवशी तीनदा वाचलं होतं. तेवढी ओळ गाळायची, असं ठरवूनच मी पत्र खिशात घातलं. चुकून झालं असं म्हणायची सोय मला नाही.

सुरुवात छान झाली. तिथे म्हाताऱ्या आज्यासुद्धा सायकल चालवतात, खिडक्यांना पडदे लावत नाहीत, संध्याकाळी रस्त्यानं चाललं की घराघरातली जेवणं दिसतात. मग पहिल्या संध्याकाळची हकिगत. घरमालकीण बाईंनी सूप आणि पाव पुढे केला. नेत्रा लखनौची, ती ‘नको’ म्हणाली. आमच्याकडे पहिला नकार कुणी मोजतच नाही. यजमानानं तीनदा आग्रह करायचा आणि पाहुण्यानं चौथ्यांदा लाजत ताट ओढायचं. बाईंनी ‘बरं’ म्हणून ताटली उचलली. नेत्रा दुसऱ्यांदा विचारतील म्हणून बसून राहिली, तोवर स्वयंपाकघरातला दिवा मालवला. मग आईनं दिलेल्या शंकरपाळ्यांवर भागवलं. इथे सगळे हसले, पण ते हसणं मायेचं होतं. माझी छाती फुगली.

पुढचं मी जरा घाईनं वाचलं. बाईंनी तिला विचारलं होतं, वडिलांशी कोणत्या भाषेत बोलतेस? ‘मी म्हटली मराठी. त्या म्हणाल्या, काही बोलून दाखव. मला काहीच नाही आला. खूप शरम वाटली. म्हणून मी आता तुम्हाला मराठीतच लिहिणार.’ आणि लगेच खाली: ‘मी इथे शिक्षेसाठी आली आहे. शिक्षा खूप कठीण आहे, पण शिक्षा देणारे सर चांगले आहेत. मी पूर्ण शिक्षा घेऊनच परत येणार.’

मग जो हशा उसळला, तो थांबेचना. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्यांच्याच मुलांनी घरी हा घोटाळा केलेला होता. तरी हसले. मधुसूदनराव डोळे पुसत म्हणाले, “नरहरराव, काय गुन्हा केला हो पोरीनं?”

मी पत्राची घडी घालून खाली बसलो असतो तरी चाललं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, मधुसूदनरावांनी पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली होती, आणि मी म्हणालो, “जन्मठेप नाही झाली, म्हणजे मिळवली.”

सगळ्यात मोठा हशा त्या वाक्याला आला. मीही हसलो. माझी बायको सुचित्रा तेवढी हसली नाही. ती चिवड्याचे डबे आवरायला लागली. आलमबागेत घरी पोचल्यावर दार उघडताना म्हणाली, “तेव्हा गणपतीत लोक हसले होते. या वेळी तुम्ही हसलात.”

पुढच्या रविवारी शेजारच्या तिवारीजींनी हाक मारली, “भाईसाहब, बिटिया का फोन है।” मी धावत गेलो. तिवारींच्या बैठकीत उभं राहून बोलायचं, त्यात सगळं घर ऐकतंय.

“बाबा, पत्र मिळाला?” तिनं विचारलं.

“मिळालं गं.”

“कुणाला दाखवला तर नाही ना?”

“नाही.”

“चुका होत्या?”

“एकही नव्हती,” मी म्हणालो. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांना लाल खुणा करणारा मी.

ती हसली. इतकी खूष झालेली तिला मी फार दिवसांनी ऐकत होतो. “मग पुढचा पण मराठीतच लिहिते,” म्हणाली, आणि फोनची मिनिटं संपली. तिवारीभाभींनी चहा विचारला, पण मला तिथे उभं राहवेना.

आता एवढंच हवं होतं की तिला कळू नये. मंडळातले लोक विसरतील, महिन्याभरात नवा विषय निघेल, अशी मी मनाची समजूत घालत होतो. पण डिसेंबरात अमीनाबादला लोकर घ्यायला गेलो, तिथे मधुसूदनरावांची अमृता भेटली. नेत्राच्या वर्गातली, मनानं निर्मळ पोरगी. लांबूनच हात करत आली.

“अंकल, मैंने नेत्रा को लेटर डाल दिया,” ती म्हणाली. “पूछा है, शिक्षा किती राहिली? और आपका वो जन्मठेप वाला जोक भी लिख दिया. पापा तो अब तक हँसते हैं.”

सुचित्रानं हातातली लोकर दुकानदाराच्या फळीवर परत ठेवली. मी अमृताला छान केलंस म्हणालो. आणखी काय म्हणणार होतो?

त्यानंतर रोज दुपारी ऑफिसातून सायकल मारत घरी यायचं, टपाल बघायचं आणि परत जायचं. रागावून लिहील, रडून लिहील, कसंही लिहो, मी मनातल्या मनात माफी मागायचा सराव करत होतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निळं पाकीट आलं.

‘आदरणीय पिताजी, सादर प्रणाम।’

सगळं पत्र हिंदीत होतं. थंडी फार आहे, अभ्यास बरा चाललाय, आईनं गुडघ्यांची काळजी घ्यावी. अमृताचं पत्र मिळालं, मंडळातल्या सगळ्यांना नमस्कार सांगावा. राग नाही, टोमणा नाही. मी सवयीनं ओळीवरून बोट फिरवत गेलो. चूक एकही सापडली नाही.

“काय लिहिलंय?” सुचित्रानं विचारलं. मी पत्र तिच्या हातात दिलं आणि उत्तर लिहायला बसलो. ‘प्रिय नेत्रा’ एवढं लिहून झालं. हे दोन शब्द दोन्ही भाषांत सारखेच. पुढचं कोणत्या भाषेत लिहायचं ते ठरेना, आणि संध्याकाळपर्यंत कागदावर तेवढेच दोन शब्द होते.