शेंगोळ्यात शेवटी काय घालायचं

लंकाबाई गेली त्या दिवशी तिचा नवरा धोंडीराम न्हाणीघरातला गळका नळ दुरुस्त करत होता. फोन वाजला तेव्हा त्याच्या एका हातात पाना होता आणि दुसऱ्या हाताचा अंगठा नळाच्या तोंडात. फोन समोरच्या घरातल्या श्यामलावहिनींचा होता, सोसायटीच्या हॉलवरून.

"भाऊजी, लवकर या. लंकाताई एकदम खाली बसल्या."

"बसली तर बसू द्या," धोंडीराम म्हणाला. "पहाटेपासून उभीच आहे ती."

पलीकडून रडण्याचा आवाज आला तेव्हा त्याने अंगठा काढला. पाणी छतापर्यंत उडालं. तसाच ओल्या लेंग्यानिशी तो हॉलवर पोचला. समोरच्या दवाखान्यातला डॉक्टर आधीच येऊन बसला होता आणि काहीच करत नव्हता. त्यावरून धोंडीरामला कळलं. टेबलावर शेगडी चालू होती, पातेलं खळखळत होतं. कुणीतरी ती बंद करावी असं त्याला वाटत राहिलं. शेवटी त्यानेच केली.

महिला मंडळाचा तो कार्यक्रम होता. दर महिन्याला एकीने घरातला एक साधा शाकाहारी पदार्थ सगळ्यांना करून दाखवायचा. लंकाबाईची पाळी कधीच येऊन गेली असती, पण ती टाळत आली होती. तिच्या शेंगोळ्यांचं नाव नाशिक रोडला आजूबाजूच्या तीन-चार इमारतींत तरी होतं, आणि तिचा लौकिकही तितकाच पसरलेला. कुणा बाईने कृती विचारली तर लंकाबाई कधी नाही म्हणायची नाही. हौसेने, हात धरून सांगायची. फक्त एक गोष्ट गाळायची.

"अगं, ती बिचारी परत परत करून बघते," धोंडीराम म्हणायचा.

"बघू दे की. तेवढीच आपली आठवण काढते."

त्या दिवशी मात्र तिने हॉलमध्ये माईक हातात घेऊन जाहीर केलं होतं, "आज सगळं सांगते बायांनो, पोटात काही ठेवत नाही." आणि सांगितलंही. हुलग्याच्या पिठात मूठभर ज्वारीचं पीठ. तिखट, हळद, जिरं, मीठ, सालासकट ठेचलेला लसूण. पीठ घट्ट मळायचं, तेलाचा हात लावून बोटाएवढ्या वळ्या करायच्या, दोन टोकं जोडून कडी करायची. फोडणीच्या पाण्याला खळखळून उकळी आली की मगच एकेक कडी सोडायची. इथपर्यंत सांगून ती म्हणाली, "आणि आता शेवटी यात..." पिशवीत हात घातला, आणि खाली बसली.

बाया खरोखर रडल्या. ते खोटं नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणारी प्रत्येकजण आधी डोळे पुसायची आणि मग त्याच डोळ्यांनी घरभर काहीतरी शोधायची.

ती पिशवी श्यामलावहिनींनीच घरी आणून दिली होती. "मी उघडून बघितली नाही हं," असं त्या कुणी न विचारता म्हणाल्या होत्या. धोंडीरामने ती स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवली. त्यात लंकाबाईने सकाळी स्वतःच्या हाताने काय काय भरलं होतं ते त्याला बघायचं नव्हतं. एकदा बघितलं की तेही संपलं असतं. बाया मात्र पाणी प्यायच्या निमित्ताने आत जायच्या आणि बराच वेळ पाणी प्यायच्या.

"काय करणार, देवाची मर्जी," एकजण म्हणाली. "पिशवी तीच का हो?"

धोंडीरामची थोरली बहीण पुतळाबाई वणीहून आली ती तेराव्यापर्यंत राहायचं ठरवूनच. तिने तर सरळ विषयालाच हात घातला.

"धोंड्या, उघड ना ती पिशवी. आत काय नाग हाय?"

"राहू दे."

"तू लय हट्टी. ती बी तशीच. मेली पण सांगितलं नाय बाईनं!" असं म्हणून पुतळाबाई सगळ्यांत जास्त रडली.

दहाव्याला नैवेद्यात गेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवायचं असतं. लंकाबाईला स्वतःच्या हातच्याशिवाय दुसरं काही आवडत नव्हतं, त्यामुळे शेंगोळेच ठरले. पुतळाबाई, श्यामलावहिनी आणि सून निकिता अशा तिघी पहाटे ओट्याशी उभ्या राहिल्या. निकिता नवऱ्याबरोबर, जीवनबरोबर, पुण्याहून आली होती. ती वर्षभरापूर्वी व्हीगन झाली होती, म्हणजे दूध, तूप, दही सगळं बंद. ते ऐकून लंकाबाई घाबरली नव्हती. "मग शेंगोळे खा की," एवढंच म्हणाली होती. सासरी आल्यावर निकिता तेच खायची, आणि पुण्याला जाऊन तेच बिघडवायची.

बाहेरच्या खोलीत बसलेल्या धोंडीरामला आतलं सगळं ऐकू येत होतं.

"इश्श, ज्वारीचं पीठ मला कधी सांगितलंच नव्हतं," श्यामलावहिनी म्हणाल्या. "माझे नुसते रबर व्हायचे. आमचे हे म्हणाले, स्कूटरला बसवून बघू का."

"मला उकळीचं नाय सांगितलं," पुतळाबाई म्हणाली. "म्या गार पाण्यात सोडायची. पार पिठलं. बारा वर्षं भाच्याला पिठलंच वाढलं म्या शेंगोळे म्हणून."

"मला म्हणाल्या लसूण सोलून, बारीक चिरून घाल," निकिता म्हणाली. "साल हवी हे मला हॉलमध्ये कुणीतरी काढलेल्या व्हिडिओत कळलं."

मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग तिघीही. कुणीतरी घाईने दार लोटलं. दाराआड तिघी अशा हसत होत्या की जीवन उठून उभा राहिला.

"बस खाली," धोंडीराम म्हणाला. "तुझ्या आईला शिव्या देतायत. देऊ दे."

तिघींच्या अर्धवट कृती जुळवून झालेले शेंगोळे दिसायला तरी बरे होते. धोंडीरामने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

गोदाकाठी दसकच्या घाटावर पान ठेवलं. कावळा शिवेना तर काय काय कबूल करायचं याची पुतळाबाईने रात्रीच तयारी केली होती: जीवनचं चांगलं होईल, धोंड्याला कुणी एकटं टाकणार नाही, नळ नीट होईल. त्यातलं काहीच कामाला आलं नाही. पानावरचा हात मागे घ्यायच्या आत कावळा उतरला, एक कडी चोचीत धरून उडाला, आणि पाठोपाठ त्याचं सगळं खानदान आलं.

"शिवला गं बाई! तृप्त झाली," पुतळाबाईने हात जोडले.

"ती नव्हती," धोंडीराम म्हणाला.

"काय बोलतो?"

"तिने असलं तोंडात घेतलं नसतं. आधी नावं ठेवली असती, मग खाल्लं असतं."

भटजींनी ऐकलं नाही असं दाखवलं.

तेरावं झालं, माणसं आपापल्या घरी गेली. घरात धोंडीराम आणि गळका नळ असे दोघे उरले. पोळ्यांना बाई लावून दिली होती, भाजीचा डबा श्यामलावहिनींकडून यायचा, पोट भरत होतं. पण त्याला शेंगोळे खायचे होते. तिचे, एकदा. कावळ्यासाठी केलेले नव्हे. आणि त्यासाठी पिशवी उघडावी लागणार होती. दोन दिवस त्याने दाराकडे पाठ करून जेवण केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवता जेवता उठला आणि उष्ट्या हाताने पिशवी काढली.

उरलेलं हुलग्याचं पीठ निघालं. लसणाच्या चार पाकळ्या. तिचा चष्मा, जो हॉलमध्ये नाकावर असायला हवा होता. आणि तळाशी रुमालात बांधलेली एक छोटी स्टीलची डबी. गाठ त्याने दातांनी सोडवली. झाकण काढलं.

डबी रिकामी होती.

त्याने उजेडात धरून बघितली. बोट फिरवलं. वास घेतला. भांड्यांच्या साबणाचा वास आला. घासून, पुसून, कोरडी करून, रुमालात बांधून नेलेली रिकामी डबी. चष्मा नव्हता म्हणून भरायची राहिली म्हणावं, तर गाठ केवढी घट्ट मारली होती. लंकाबाई हॉलभर बायांना पाठ करून, डबी उघडून, पातेल्यात चिमूटभर हवा टाकणार होती आणि वळून म्हणणार होती, झालं बघा बायांनो.

"लबाड," धोंडीराम म्हणाला, आणि तिथेच ओट्याला टेकून इतका हसला की ठसका लागला. मग बराच वेळ त्याच ओट्याला धरून उभा राहिला. ताटातली भाजी गार झाली.

संध्याकाळी श्यामलावहिनी डबा घेऊन आल्या. त्यांची नजर दारामागे गेली. खिळा रिकामा होता.

"भाऊजी, उघडलीत?"

"उघडली."

"मग? डबीत काय होतं?"

धोंडीरामने एक क्षण विचार केला. "जवस. भाजून केलेली पूड. अर्धा चमचा."

"तरीच!" श्यामलावहिनींनी कपाळावर हात मारला. "मला वाटतच होतं."

पुतळाबाईचा वणीहून फोन आला, तिला त्याने तीळ सांगितले. "तरीच," पुतळाबाई म्हणाली, "ती चव काय उगाच येती व्हय." निकिताला चिंच. निकिताने ते शेंगोळे करून पुण्याहून फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, बाबा, अगदी आईंसारखे. श्यामलावहिनींचेही अगदी तिच्यासारखे झाले. सगळ्यांचेच झाले. मंडळातल्या आणखी दोघी येऊन गेल्या, त्यांतल्या एकीला त्याने ओवा सांगितला, दुसरीला खोबरं.

स्वतः तो दर रविवारी करतो. ज्वारीचं पीठ घालतो, लसूण सालासकट ठेचतो, उकळी येईपर्यंत पातेल्याशी उभा राहतो. वळ्या आता बऱ्या होतात. ती डबीही एकदा पातेल्यावर उपडी करून बघितली. पहिला घास तोंडात टाकला की तो मान हलवतो.

त्याचे शेंगोळे अजून जमलेले नाहीत.