छातीच्या फोटोचे आठ तुकडे

कडूबा मास्तरांनी खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीनं सहावा तुकडा लावला, दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले,

"रूपाली, ही बरगडी उलटी लागली काय गं?"

लेकीला हसावं की रडावं कळेना. इंग्लंडच्या व्हिसासाठी मुंबईत तिच्या छातीचा फोटो काढला, तर त्यात वरच्या कोपऱ्यात डाग निघाला. सहा वर्षांची असताना तिला टीबी झाला होता. औषधं पुरी करून ती खडखडीत बरी झाली, डाग तेवढा राहिला. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, तेव्हाची फिल्म आणा, डाग तोच असला तर लगेच सही करतो. न्हाईतर थुंकीची तपासणी, तिला दोन महिने. आणि कॉलेज वीस दिवसांवर आलेलं.

फिल्म होती, पण मास्तरांनी तिचे आठ तुकडे करून ठेवले होते. सहा वर्षांमागं सूर्यग्रहण लागलं तेव्हा अर्धं परतूर दारं लावून घरात बसलं, आणि आमचे मास्तर दहावीच्या पोरांच्या हाती सूर्य बघायला फिल्मचे तुकडे देऊन मैदानात उभे. ग्रहणानं काही होत नसतं, हे त्यांना दाखवायचंच होतं. असल्या फिल्ममधून सूर्य बघू नये, हे त्यांना नंतर कळलं.

काल त्याच पोरांच्या ग्रुपवर निरोप गेला. प्रितम आष्टीहून मोटारसायकलवर आला. शालू वडीगोद्रीहून, सासरच्या पेटीतला तुकडा घेऊन. कचरूनं तर आपल्या तुकड्यावर पांढऱ्या रंगानं 'चहा १०' लिहून तो हॉटेलात टांगला होता.

सातवा लागला. राहिला तो नेमका डागाचा कोपरा.

"आठवा कोणाला दिल्ता, सर?" प्रितमनं विचारलं.

मास्तर चिकटपट्टीचं टोक शोधत राहिले. मंग आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि रुमालात गुंडाळलेला तुकडा घेऊन बाहेर आले.

"म्हंजे तुमच्याजवळच होता?" शालू म्हणाली. "अन् आम्हाला पळवून राह्यले सकाळपासून."

"ग्रहणात तिचा डाग बाहेर काढू वाटला न्हाई."

"पण सर, तुम्हीच तर म्हणायचे, ग्रहणानं काही होत न्हाई."

"न्हाईच होत," मास्तर म्हणाले. "बिलकुल न्हाई."

कचरूला ठसका लागेस्तोवर हसू आलं. मास्तरही हसले, पण रूपालीकडं न बघता.

मुंबईच्या डॉक्टरनं ती ठिगळांची फिल्म दिव्यावर धरली, 'चहा १०' वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. मग नवी फिल्म शेजारी लावून बराच वेळ बघत राहिला. मास्तरांनी रूपालीचं मनगट घट्ट धरलं होतं.

"तोच डाग," डॉक्टर म्हणाला. "तितकाच. तसाच." जुन्या फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि सही केली.

पायऱ्या उतरल्यावर रूपालीला इतका आनंद झाला, की तिनं रस्त्यावरच बापाला मिठी मारली. मास्तर फिल्म पिशवीत घालायला लागले, तशी तिनं ती काढून घेतली, आठवा कोपरा अलगद सोडवला आणि हात पुढं केला.

"बाबा, रुमाल द्या."

"कशाला?"

"मी दोन वर्षं न्हाई. तिकडं ग्रहण कधी लागंल, काय सांगावं."

मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. त्यांनी तो तुकडा रुमालात नीट गुंडाळला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.