पूजलेलं मशीन

गावच्या ऑनलाइन सेंटरवर रागिणीने कॉम्प्युटरच्या ‘फाइल निवडा’वर पुन्हा टिचकी मारली आणि पडद्यावरचं निळं कडं गरगर फिरू लागलं. फाइली दाखवणारी खिडकी काही उघडेना. साडेचार वाजले होते. पाचला नर्सिंगच्या प्रवेशाची मुदत संपत होती. शेजारी बसलेल्या ऐश्वर्याचे अजून तीन कागद चढवायचे होते, आणि आधीच्या एकालाच दहा मिनिटं लागली होती. राहिले तर पोरीची जागा दुसऱ्या कुणाला जाणार.

“ताई, हुईल ना?” ऐश्वर्याने विचारलं.

“हुईल की!” रागिणी म्हणाली खरी. मागे बाकावर ऐश्वर्याचे वडील दगडोबा बसले होते, आजच्या दिवस मेंढरं भावावर सोपवून आलेले. त्यांच्याकडे वळून बघायची तिची छाती होईना.

आज खंडे नवमी, हत्यारं पुजायचा दिवस. सकाळी तिनेच आतल्या खोलीतलं स्कॅनिंगचं जुनं मशीन, गावाचे कागद साठवलेला कॉम्प्युटर, पुजलं होतं. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं. कुंकू जरा ओलंच होतं. थेंब आत गेला असला तर? पण मग हे पुढचं मशीन काहून अडलं? सेंटरचा मालक संतराम फोन उचलेना. अखेर तिने हिंगोलीच्या विश्वंभरला, मशीन दुरुस्त करणाऱ्याला, फोन लावला.

“आतलं मशीन चालू आहे का?” त्याने पहिलंच विचारलं.

“न्हाई. पूजा केली न् बंद केलं. पुजलेलं हत्यार आज कोणी चालवतं का?”

“अहो बाई! पुढचं मशीन दरवेळी आधी आतल्याला शोधत बसतंय. ते सापडेना म्हणून खिडकी उघडेना.”

म्हणजे आपल्याच हातानं झालं हे!

“मग चालू करू आतलं?”

“त्या म्हाताऱ्याला उठायलाच पाव तास लागतो. ‘माय कॉम्प्युटर’ उघडा. डावीकडं झेड ड्राइव्हवर, म्हणजे आतल्या मशीनच्या वाटेवर, लाल फुली दिसते? त्यावर माउसचं उजवं बटण दाबा, डिस्कनेक्ट करा.”

“अन् त्यातले सगळ्या गावाचे कागद? पुसले गेले तर?”

“कागद आतच राहतात. नुसती वाट बंद होते. या पोरीचे कुठं आहेत?”

“पेनड्राइव्हमंदी.”

“मग दाबा!”

देवाचं नाव घेऊन तिने दाबलं. झेड गेला, आणि खिडकी टिचकीसरशी उघडली. एक, दोन, तीन. कागद भराभर चढले. चार छप्पनला तिने ‘सादर करा’ दाबलं आणि पडद्यावरची हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली.

दगडोबा उठले. बंडीच्या खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली आणि चिमूटभर पुढच्या मशीनच्या कपाळी लावली.

“खरं काम ह्यानं केलं. ह्याला काहून उपाशी ठेवलं, पोरी?”

त्यांनी हात जोडले. रागिणीनेही जोडले, आणि पूजा झाली की मशीन बंद करायच्या सवयीने तिचं बोट खालच्या बटणाकडे गेलं.

“ताई!” ऐश्वर्या किंचाळली. “बंद काहून करून राहिल्या?”

चटका बसल्यासारखा तिने हात मागे घेतला. पावती निघेपर्यंत तो तिने दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला होता.