लिंबावर पळणारी जीप

बाहत्तरच्या दुष्काळात घोडेगावच्या बाजाराला जनावरं कमी आणि माणसं जास्त जमली होती. वेगनाथ महाराज जीप पळवून दाखवणार होते. त्यांचं मंतरलेलं लिंबू बांधलं की गाडी वाऱ्यासारखी पळते, असा बोलबाला होता. दोन फर्लांगांची वाट आखली. वेळ मोजायला मला, शाळामास्तराला, बोलावलं. मीही ऐटीत घड्याळ धरलं.

पहिल्या फेरीला चोवीस सेकंद लागले. मग कनातीआड जीपला दोन घागरींचा अभिषेक झाला, लिंबू बांधलं. आता बावीस. लोक पाया पडू लागले.

"इंजिनात शनी बसला हुता, उतरवला," महाराज म्हणाले. शनीला दुसरा उद्योग नसावा.

लिंबासाठी रांग लागली, त्यात छगन होता. त्याची बायको चांगुणा पहाटेपासून अडली होती, सुईणीने हात टेकले होते. नगरला न्यायला चुलत्याची जीप दारात उभी होती, पण लिंबाशिवाय ती हलवायची नाही, असा छगनचा हट्ट. लिंबू बांधलं की अर्ध्या तासात दवाखाना, असं तो सगळ्यांना सांगत होता.

लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले रज्जाक मिस्त्री मातीत काडीने आकडे मांडत होते.

"मास्तर, इंजिनाची ताकद तीच हाय. मग वेळ बदलला तो वजनानं. साडेतीनशे किलो तरी उतरलंय. शनी येवढा जड असतो व्हय?"

चांगुणेची आई बनुबाई जावयाला ओढून न्यायला आली होती. रोज कोसभरावरून पाणी आणणारी बाई. ती कनातीमागच्या चिखलाकडे बघत राहिली.

"दोन घागरीत येवढा चिखल व्हत न्हाई. सतरा-अठरा घागरी सांडल्यात हितं." घागरीला वीस किलो धरले, तर मिस्त्रींचा आकडा जुळत होता.

मिस्त्रींनी महाराजांच्या जीपची बाकं उचलली. खाली पत्र्याच्या दोन लांब टाक्या, तळाशी तोट्या, आतून ओल्या. पहिल्या फेरीला भरलेल्या, अभिषेकाच्या नावाखाली रिकाम्या केलेल्या. लोकांनी महाराजांना धरलं. छगन घराकडे धावत सुटला.

चुलत्याच्या जीपमध्ये बनुबाईबरोबर मीही बसलो. चांगुणा घाटातच गेली, पोटातल्या बाळासकट. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दोन तास आधी का नाही आणलं?

बनुबाई माझ्याकडे वळली. "मास्तर, घड्याळ तुमच्या हातात हुतं, म्हनून समद्यांनी खरं मानलं."

तिचं खरं होतं. मी वेळ मोजला, कनातीआड डोकावलो नाही. तुम्ही डोकावा. आणि माणूस अडलं असेल तर आधी त्याला गाडीत घाला.