दोनदा घातलेलं मीठ

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. पण त्या दोन जावांचं घर म्हणजे खाली बेकरी आणि वर संसार. तिथे भांडी वाजायची ती कामाची. भट्टी पेटली की दोघींची तोंडंही सुरू. थोरली पीठ मळायची, धाकटी भट्टी सांभाळायची, आणि मीठ जिच्या हाताला सवड असेल ती घालायची. नियम एकच, घालणारीने मोठ्याने ओरडायचं, "मीठ घातलं गं!" दुसरीने तितक्याच मोठ्याने म्हणायचं, "ऐकलं!" सासूबाईंनी घालून दिलेली ही रीत वर्षानुवर्षं चुकली नव्हती.

त्या शनिवारी मात्र भट्टीपाशी चिडीचूप होतं. गेले कित्येक महिने दोघींतून विस्तव जात नव्हता, तरी मिठाची हाक तेवढी चालू होती; त्या आठवड्यात तीही बंद पडली. भांडण जमिनीचं नव्हतं की दागिन्यांचं. भांडण होतं देवाच्या मेजावरचं!

झालं होतं असं. तापाची मोठी साथ येऊन गेली आणि चर्चमध्ये कुणीतरी सुचवलं, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेताना, सगळ्यांनी एकाच प्याल्याला ओठ लावण्यापेक्षा प्रत्येकाला छोटा वेगळा पेला द्यावा. झालं! मंडळीचे उभे दोन तुकडे पडले. जुन्या प्याल्याचे एकीकडे, नव्या पेल्यांचे दुसरीकडे. आधी बाकं वेगळी झाली, मग उपासनाच दोन झाल्या. सकाळची मोठ्या प्याल्याची, दुपारची छोट्या पेल्यांची. सकाळचे लोक दुपारच्यांना, त्यांचे पेले औषधाच्या मापाएवढे म्हणून, "बाटलीवाले" म्हणू लागले आणि दुपारचे सकाळच्यांना "उष्टे". ज्या मेजाशी सगळ्यांनी एक व्हायचं, त्याच मेजावरून शेजारी शेजाऱ्याला ओळख देईना. वाचकहो, हसू नका. आपल्या घरात कोणत्या पेल्यावरून तंटा चालला आहे ते आधी आठवून पाहा.

थोरली मोठ्या प्याल्याची, धाकटी छोट्या पेल्यांची. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते बिचारे मागच्या दारात गुपचूप एकत्र चहा प्यायचे आणि बायकांसमोर नाकासमोर बघायचे. प्रकरण इतकं हातघाईवर आलं की बेकरीच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं. सोमवारी गवंडी येणार होता. विटा दाराशी येऊन पडल्यासुद्धा.

प्रभुभोजनाची भाकर, म्हणजे पावच, मात्र अजून याच बेकरीतून जायची. चर्चच्या पाळकसाहेबांनी एवढा एकच हट्ट धरला होता. "उपासना दोन करा, पण पीठ एकाच परातीतलं हवं." म्हणून त्या शनिवारी एका परातीत पीठ पडलं, त्याच्या दोन भाकरी होणार होत्या. थोरलीने मीठ घातलं आणि सवयीने तोंड उघडलं. मग आठवलं, आपण बोलत नाही. तिने तोंड मिटलं आणि पाणी आणायला गेली. तेवढ्यात धाकटी आली, तिने पीठ पाहिलं, मूठभर मीठ घातलं आणि तीही ओठ घट्ट मिटून भट्टीकडे वळली.

पीठ नेहमीसारखं फुगेना. थोरलीच्या ते लक्षात आलं. धाकटीच्याही आलं. पण आधी बोलेल ती हरेल! दोघींनी बसक्या भाकरी मुकाट्याने फडक्यात गुंडाळल्या.

रविवारी सकाळच्या उपासनेत पहिला तुकडा तोंडात गेला आणि अख्ख्या मंडळीची तोंडं वाकडी झाली. पवित्र वेळ, थुंकायची सोय नाही! दुपारच्या उपासनेतही अगदी तशीच तोंडं, अगदी तसेच ठसके. दोन्ही पक्षांचं इतकं एकमत त्या वर्षात पहिल्यांदाच झालं असेल.

थोरली शरमेने घरी आली ती थेट वर सासूबाईंच्या खोलीत. म्हातारी अंथरुणाला खिळली होती. प्रभुभोजन महिन्यातून एकदा असे, आणि त्या रविवारी उपासना आटोपल्या की पाळकसाहेब तिच्यासाठी भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी यायचे. आजही दुपारच्या उपासनेहून धाकटी परतली आणि पाठोपाठ ते आले. उशाशी थोरली, पायथ्याशी धाकटी, दोघी दोन दिशांना बघत उभ्या.

पाळकसाहेब संकोचून म्हणाले, "आजी, आज भाकर जरा खारट झालीय."

"खारट?" सासूबाईंनी मान वळवली. "माझ्या भट्टीतली? मीठ कुणी घातलं?"

"मी," थोरली म्हणाली.

"मी," धाकटी म्हणाली.

दोघींनी चमकून एकमेकींकडे पाहिलं. मग म्हातारी हसायला लागली, खोकला येईपर्यंत हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"पाळकसाहेब, ते झाकून ठेवा. मी आज घेणार नाही."

"आई!" दोघी एकदम म्हणाल्या. महिनाभर म्हातारी याच घासाची वाट बघायची, आणि पुढचा महिना तिला दिसेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कशी घेऊ? घरच्या माणसाशी अबोला धरून देवाच्या पंक्तीला बसायचं? ज्याने जेवायला बोलावलं त्याच्या तोंडावर आपण भांडतोय, भांडं कोणतं घ्यायचं म्हणून!" ती थोरलीकडे वळली. "हिला छोटे पेले का हवेत, कधी विचारलंस?"

थोरलीने धाकटीला पुष्कळ ऐकवलं होतं, विचारलं मात्र काहीच नव्हतं.

धाकटीच बोलली, खाली बघत. "माझी आई साथीतच गेली, ताई. मला शेवटचं भेटूही दिलं नाही. आता कुणी प्याल्याला ओठ लावून पुढे दिला की मला आपल्या या सासूबाईंचा चेहरा दिसतो. वाटतं, तो ताप मी घरी आणला आणि यांना काही झालं तर?"

थोरलीला आठवलं, अबोल्याआधीही आपण हिला एकदा जवळ घेऊन बसलो नाही!

"आणि तू?" सासूबाईंनी धाकटीला विचारलं. "हिचा जीव त्या जुन्या प्याल्यात का अडकलाय, ठाऊक आहे तुला?"

थोरलीच म्हणाली, "मी या घरात आले ती लोकांची धुणी धुणारीची पोर म्हणून. चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. एका रविवारी आईंनी प्याल्याला ओठ लावले आणि सगळ्यांदेखत तोच प्याला माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून मी इथली झाले गं. तो प्याला गेला तर मी पुन्हा बाहेरची होईन, असं वाटतं."

"ताई, मला हे माहीतच नव्हतं!" धाकटी पायथ्याकडून धावली आणि थोरलीच्या गळ्यात पडली. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"दोघीही खऱ्या," सासूबाई म्हणाल्या. "पण आपलं खरं दुसरीला सांगितलं नाही, तिचं ऐकलं नाही, की ते असं खारट होतं. जा, नवी भाकर करा. मी भुकेली आहे."

त्याच संध्याकाळी भट्टी पुन्हा पेटली. नव्या भाकरीचा तुकडा म्हातारीने दोन्ही सुनांचे हात धरून घेतला, तेव्हा पाळकसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

मंडळीचं मन जुळायला वेळ लागला. रुसवेफुगवे झाले, सभा झाल्या, एकदोघे दार आपटून गेले आणि परतही आले. पण खारट भाकरीची गोष्ट दोन्ही जावांनी भर सभेत उभं राहून सांगितली, आणि आधी हशा पिकला, मग लोक एकमेकांना कारण विचारू लागले. आता उपासना एकच होते. मोठा प्याला मेजावर असतो. त्यातूनच छोटे पेले आधी भरले जातात. मग ज्याला मोठ्या प्याल्याला ओठ लावायचे तो लावतो. कुणी कुणाकडे वाकड्या नजरेने बघत नाही.

गवंडी सोमवारी आला होता, बरं का. भिंत नको म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. पण त्याच विटांनी त्याच्याकडून भट्टीपुढचा ओटा रुंद करून घेतला, दोघींना शेजारी शेजारी उभं राहता येईल असा.

बंधुभगिनींनो, मतं वेगळी असतील, असू देत. मतांनी मंडळी फुटत नाही, अबोल्याने फुटते. भिंतीच्या विटा मागवण्याआधी समोरच्याला एकदा "का?" एवढं विचारून तर पाहा!

पुढच्या शनिवारी बेकरीतून हाक रस्त्यापर्यंत ऐकू आली, "मीठ घातलं गं!"

"ऐकलं, ताई!"

आणि वरच्या खोलीतून एक थकलेला आवाज आला, "मीही ऐकलं!"